कॅरिबियन क्रूझ, सात रात्री आणि बाबांचा पहाटेचा चहा

शेवंती

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मायामीहून सात रात्रींच्या क्रूझवर निघतोय. जमैका, ग्रँड केमन, मेक्सिकोतलं कोझुमेल आणि परत मायामी. आम्ही दोघं, नऊ वर्षांचा लेक आणि पुण्याहून आलेले माझे आईबाबा. बाबा ७४, आई ६९. दोघंही शाकाहारी. केकमधलं अंडं चालतं ("दिसत नाही ना, मग झालं", इति बाबा).

जेवणाचं काहीतरी होईल, खरी काळजी चहाची आहे. बाबांना पहाटे पाचला चहा लागतो. ठेचलेलं आलं, दूध घालून दोन उकळ्या, वर झाकण. त्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही आणि मग आमचाही होत नाही. आईचं काही नाही, ती मिळेल ते पिते.

केबिनमध्ये किटली नसते म्हणे. नणंदेने मागच्या वर्षी छोटी किटली बॅगेत घातली होती, ती चढतानाच काढून घेतली आणि उतरताना परत दिली. तर अनुभवी लोकांनो, तुम्ही काय करता? आणि शाकाहारी माणसाला तिथे खाण्याची मजा येते का, की सात दिवस सॅलड आणि पास्ता?

चहाटळ

वाचतेय. आमची मार्चमध्ये आहे, सासूबाईंसकट. किटली मोज्यात गुंडाळून नेता येते का?

अर्धाकप

@चहाटळ, नाही. सामान स्कॅन होतं. किटली, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, ज्याने म्हणून उष्णता निर्माण होते ते सगळं बाद. आणि रॉडचा विचार कोणाच्या मनात असेल तर कृपया काढून टाका. जहाजाला बुडण्यापेक्षा आगीची भीती जास्त असते, आणि ते बरोबरच आहे. साउदॅम्प्टनहून सुटणाऱ्या बऱ्याच जहाजांत केबिनमध्ये किटली ठेवलेली असते, कारण ब्रिटिश माणूसही तुमच्या बाबांसारखाच असतो. फ्लोरिडाच्या जहाजांत सहसा नसते.

आता माझी पद्धत, चार क्रूझमध्ये घासून तयार झालेली.

जहाजावरचा चहा पांचट होतो त्याची कारणं तीन. पाणी पुरेसं कढत नसतं, बॅगेतली पत्ती आपल्यासाठी मवाळ असते, आणि दूध म्हणून समोर ठेवलेलं असतं ते हाफ अँड हाफ, म्हणजे निम्मी साय. तिन्हीवर उपाय आहे. घरून सीटीसी पत्ती न्या, आपली नेहमीची दाणेदार, आणि ती भरायला रिकाम्या कागदी पुड्या. सोबत सुंठपूड आणि एक चांगला थर्मास. रिकामा थर्मास कोणी अडवत नाही.

बुफेच्या मजल्यावर पेयांचं काउंटर बहुतेक जहाजांवर रात्रभर चालू असतं. तिथल्या मोठ्या टाकीतलं पाणी घेऊ नका, कॉफीच्या मशीनला गरम पाण्याची वेगळी तोटी असेल तर ती वापरा. आधी थर्मास त्याच पाण्याने विसळून तापवा, मग दोन पुड्या, चिमूटभर सुंठ, पाणी, आणि झाकण लावून सहा मिनिटं विसरून जा. साधं दूध सीरियलच्या काउंटरवर मिळतं. दिवसा असाल तर कॉफी बारवर जाऊन नुसतं वाफवलेलं दूध मागा, फार फरक पडतो. पहाटे पाचला कॉफी बार बंद असतो, तेव्हा दूध पावडर.

उकळलेल्या चहाची सर येत नाही. पण शत्रूपक्षाचा चहाही वाटत नाही.

चहाटळ

वाखू (वाचनखूण) साठवली. "शत्रूपक्षाचा चहा" :)

पोटोबा

मी जरा उलटं बोलतो, हघ्या (हलके घ्या).

माणशी हजारभर डॉलर खर्चून समुद्रात जायचं आणि तिथे सुंठपूड काढून बसायचं? सात दिवस चहा नाही मिळाला तर काय होतं? क्रूझवर खाणं हाच अर्धा कार्यक्रम असतो. सकाळी ऑम्लेटवाल्यापुढे रांग, दुपारी डेकवर पिझ्झा, चारला स्कोन आणि चिमुकली सँडविचं, रात्री पांढऱ्या टेबलक्लॉथवर तीन कोर्सचं जेवण. मुख्य डायनिंग रूममध्ये एक पदार्थ आवडला नाही तर दुसरा मागवता येतो, वर पैसे नाहीत. मी एकदा तीन स्टार्टर, दोन मेन आणि दोन डेझर्ट खाऊन उठलो. वेटरने फक्त भुवई उचलली.

टिप: पहिल्या दिवशी चढल्या चढल्या सगळं जहाज बुफेवर तुटून पडतं. त्या दिवशी दुपारी मुख्य डायनिंग रूम उघडी आहे का ते विचारा. असली तर निवांत बसून जेवता.

खडीसाखर

@पोटोबा, ७४ वर्षांच्या माणसाला "काय होतं" हे विचारण्याआधी बद्धकोष्ठ झालेल्या सासऱ्यांबरोबर एका केबिनमध्ये राहून बघा. मी राहिलेय.

पोटोबा

शब्द मागे.

खडीसाखर

:) आता जेवणाबद्दल. बुकिंग करताना नुसतं "व्हेजिटेरियन" नोंदवलं तर मशरूम रिसोटो आणि एग्प्लांट पार्मेजान येतं. "इंडियन व्हेजिटेरियन" असं वेगळं सांगा. आमच्या जहाजावर पहिल्या रात्री डाळ, भात, बटाटा-फ्लॉवर, लोणचं, पापड आलं. सासरे हरखले. दुसऱ्या रात्री पनीर. तिसऱ्या रात्री पनीर. चौथ्या रात्री सासऱ्यांनी शेजारच्या टेबलावरचा मशरूम रिसोटो बघून विचारलं, "ते काय आहे? मऊ भातासारखं दिसतंय." पुढचे तीन दिवस त्यांनी रिसोटोच खाल्ला, वरून आमच्या पुडीतली मेतकूट पूड टाकून. इटालियन शेफने पाहिलं असतं तर समुद्रात उडी मारली असती.

अर्धाकप

मेतकूट रिसोटो!! करून बघणार.

तारवटी

धागा उशिरा पाहिला. मी वेंगुर्ल्याचा, अकरा वर्षं क्रूझ जहाजांच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, काम केलं, आता सोडलं. आतली बाजू सांगतो.

पहिली गोष्ट, गॅलीत उघडी ज्योत नसते. सगळं विजेवर. त्यामुळे फुलका फुगवून मिळेल ही आशा सोडा. तुमच्यापुढे जी पोळी येते ती तव्यावर गरम केलेली तयार पोळी, नाहीतर सरळ टॉर्टिया. भात मात्र कुठल्याही जहाजावर चांगला असतो, कारण खालच्या डेकवर आम्ही भारतीय, फिलिपिनो आणि इंडोनेशियन. भात बिघडला तर जहाज चालायचं नाही.

दुसरी गोष्ट, कळवायचं कसं. बुकिंगनंतर लगेच लेखी कळवा. चढल्यावर पहिल्या संध्याकाळी हेड वेटरला भेटून पुन्हा सांगा. मग रोज रात्री उठण्यापूर्वी उद्याचं सांगून ठेवा: डाळ कोणती, तिखट किती, कांदा-लसूण चालतो का. आयत्या वेळी मागितलं की पनीरच येणार, कारण पनीर फ्रीजरमध्ये असतं आणि दहा मिनिटांत होतं. @खडीसाखर, तुमचं तिसऱ्या रात्रीचं कोडं सुटलं का?

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. प्रत्येकाच्या छातीवर नाव आणि देश लिहिलेला बिल्ला असतो. आपल्याकडची माणसं "इंडिया" वाचतात आणि लगेच "अरे, आतून एक कप उकळलेला चहा आण ना" सुरू होतं. त्याच्याशी बोला, गाव विचारा, त्याला बरं वाटतं. सहा ते नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट असतं, घर लांब असतं. पण क्रू मेसमधला चहा प्रवाशाला आणून देणं त्याला महागात पडू शकतं. अमेरिकन बंदरात येणाऱ्या जहाजांची आरोग्य खात्याकडून अचानक तपासणी होते, १०० पैकी गुण, ८५ किंवा कमी म्हणजे नापास, आणि निकाल जाहीर होतो. त्यामुळे कोणतं अन्न कुठून कुठे गेलं यावर सगळ्यांचा डोळा असतो. तो नाही म्हणाला तर तो माजलेला नाही.

आमचा चहा कसा असायचा? मोठ्या भांड्यात पावडरीच्या दुधाचा, गोडमिट्ट. रात्री दोनला ब्रेड भाजून झाल्यावर तो प्यायलो की वेंगुर्ल्याच्या बंदरावर बसल्यासारखं वाटायचं.

निशाचर

@तारवटी, प्रतिसाद आवडला. तिसऱ्या मुद्द्याबद्दल विशेष आभार. आम्ही हे केलंय, आणि आता लाज वाटतेय.

जुनापडाव

वेंगुर्ला बंदर वाचून राहवलं नाही. अवांतर आहे, धागाकर्तीने माफ करावं.

आमची पहिली क्रूझ म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकण बोट. मी सात-आठ वर्षांचा असेन. डेकवर पथारी टाकायची, ट्रंकेला टेकून बसायचं. रत्नागिरी, विजयदुर्ग करत बोट पुढे जायची. बऱ्याच ठिकाणी ती धक्क्याला लागत नसे, लांब उभी राहायची आणि आम्ही पडावात उतरायचो. आई एका हाताने मला आणि दुसऱ्या हाताने लाडवांचा डबा धरायची. बोटीवर चहा मिळायचा पण वडील घेऊ देत नसत, कारण बोट लागली की पहिला चहाच बाहेर येतो म्हणायचे. आमच्यासाठी आवळासुपारी आणि लिंबू.

मागच्या वर्षी लेकीने ग्रँड केमनला नेलं. तिथेही मोठं जहाज बाहेर नांगर टाकतं आणि लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात. सगळे त्याला टेंडर म्हणत होते. मी म्हटलं, हा तर पडाव! पाय आपोआप बरोबर पडले.

चहाटळ

काका, यावर स्वतंत्र धागा काढा. प्लीज.

सागरगोटा

बोट लागण्यावरून: क्रूझवर हिरवी सफरचंदं आणि खारी बिस्किटं मागितली की केबिनमध्ये आणून देतात, बोट लागणाऱ्यांसाठी जुना उपाय आहे. आल्याच्या गोळ्याही ठेवा. केबिन घेताना खालचा मजला आणि जहाजाचा मध्यभाग बघा, तिथे हेलकावे कमी बसतात.

जायफळ

सगळे जहाजावरच अडकलात. अहो, बंदरात उतरा आणि खा! कॅरिबियनमध्ये आपल्या ओळखीच्या भाज्या दुसऱ्या नावाने फिरतात, हे मला तिकडे गेल्यावर कळलं.

जमैकात "कॅलालू" म्हणतात तो म्हणजे आपला माठ. परतून ब्रेडबरोबर देतात. त्रिनिदादला गेलात तर त्याच नावाखाली अळूची पानं, भेंडी आणि नारळाचं दूध एकत्र शिजवतात. मी पहिला घास खाल्ला आणि आजीच्या श्राद्धाचं पान आठवलं. अळूचं फदफदंच हो ते, फक्त चिंचगुळाविना. ब्रेडफ्रूट म्हणजे आपला नीरफणस. कोकणात काप करतात तसाच तिथे भाजून किंवा तळून खातात. कॅप्टन ब्लाय याने तो ताहितीहून १७९३ मध्ये जहाजावर रोपं लादून जमैकाला आणला, मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात पोसायला. आणि डिसेंबरमध्ये जाताय तर "सॉरेल" प्याच. लालभडक, आल्याचं, नाताळचं खास पेय. मद्य घालूनही करतात, तेव्हा विचारून घ्या. ते लाल अंबाडीच्या बोंडांचं असतं. कोझुमेलला तेच "आग्वा दे हमायका" म्हणून थंड मिळतं.

शाकाहाऱ्यांसाठी जमैकात "आयटल" असं लिहिलेली जागा शोधा. रास्ताफारी पंथाच्या लोकांचं जेवण, बहुतेक ठिकाणी मांस-मासळी नाही, नारळाचं दूध, कडधान्य, भोपळा. मीठ कमी किंवा नसतंच, तेव्हा लोणच्याची पुडी खिशात ठेवा. "राइस अँड पीज" म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला राजम्याचा भात. वाटाणा शोधत बसू नका. १८४५ पासून हिंदुस्थानी मजूर जहाजांनी तिकडे नेले गेले, त्यांच्याबरोबर करी आणि रोटीही गेली, त्यामुळे मटण-करी हा आता जमैकाचाच पदार्थ झालाय.

कोझुमेलला बीन्स मागताना चरबी आहे का ते विचारा, कुस्करलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी असते बऱ्याचदा. संध्याकाळपर्यंत बंदरात असाल तर चौकात मार्केसिता खा: कुरकुरीत पातळ गुंडाळी आणि आत किसलेलं एडाम चीज. लेक खूश होईल.

आणि बाबांना आधीच सांगून ठेवा. जमैकात कुठल्याही गरम पेयाला "टी" म्हणतात. कोकोसुद्धा टी, काढासुद्धा टी. पण "फिश टी" मागवू नका. ते माशाचं सार आहे.

पोटोबा

पहाटे पाचला माशाचं सार. मी केव्हाही तयार आहे.

खडीसाखर

@जायफळ, मटण कुठलं, बकरा की मेंढी? आणि पानातलं अळू बघून श्राद्ध आठवलं म्हणजे तुम्ही पक्क्या देशावरच्या. आमच्याकडे लग्नातही असतं.

जायफळ

बकरा. आणि आमच्याकडेही लग्नात असतं, आजीचं आठवलं एवढंच.

रोखठोक

या सगळ्यात खर्चाबद्दल कोणी बोलत नाही. भाड्यावर रोजची ग्रॅच्युइटी (म्हणजे नोकरवर्गाची टिप) वेगळी लागते, माणशी. सोडा वेगळा, स्पेशल रेस्टॉरंट वेगळं, कॉफी बारवरची कॉफी वेगळी. @अर्धाकप, ते वाफवलेलं दूध फुकट होतं का?

अर्धाकप

दोनदा फुकट, एकदा पैसे लावले. माणसावर असतं.

रोखठोक

म्हणजे दुधालाही पैसे. आणि ग्रॅच्युइटी काढून टाकता येते म्हणे काउंटरवर जाऊन.

तारवटी

येते. ज्याने तुमची चादर बदलली त्याच्या ताटातून काढली जाते. बाकी तुमची मर्जी.

निशाचर

ग्रॅच्युइटीवरून या धाग्याचं काश्मीर होण्याआधी कोणीतरी चहाकडे वळा.

रच्याकने (जाता जाता), फळं किंवा सँडविच बुफेवरून उचलून बंदरात नेऊ नका. दारात कुत्रा असू शकतो. आमच्या मुलीच्या सॅकमधलं केळं त्याने तीन सेकंदांत शोधलं.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार! सीटीसी, सुंठ, थर्मास, मेतकूट, लोणच्याच्या पुड्या, सगळं एका पिशवीत भरलंय. आल्यावर वृत्तांत देते.

चहाटळ

वाट बघतेय. फिश टीचा फोटो हवा.

चहाटळ

@शेवंती, जानेवारी अर्धा संपला. वृत्तांत?

शेवंती

आले आले.

तर ती पिशवी घरी जेवणाच्या टेबलावरच राहिली. मायामीच्या धक्क्यावर रांगेत उभं असताना लक्षात आलं. नवरा म्हणाला, "तुझ्या हातात होती." मी म्हटलं, "तुझ्या." हा विषय अजून चालू आहे.

पहिली पहाट. पाचला बाबांबरोबर मीही उठून वर गेले, पोटात गोळा. डेक ओला, बाहेर मिट्ट काळोख, एक मुलगा काउंटर पुसत होता. बिल्ल्यावर इंडोनेशिया. बाबांनी मशीनकडे बघितलं, बटण दाबलं, काळी कॉफी आली, त्यात दोन चमचे साखर घातली आणि कठड्याशी जाऊन उभे राहिले. मी श्वास रोखून. म्हणाले, "बरी आहे." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "रोज चहाच हवा असं कुठे आहे?" पन्नास वर्षांत हे वाक्य आमच्या घरात उच्चारलं गेलं नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून तर ते मला न उठवता एकटेच जायला लागले. त्या इंडोनेशियन मुलाशी त्यांची मैत्री झाली. भाषा कोणती, ते विचारू नका.

जेवण छान झालं. @तारवटी, तुम्ही सांगितलं तसं रोज रात्री उद्याचं सांगत गेलो. मूगडाळ, दुधीची भाजी, एकदा चक्क साबुदाण्याची खीर. पनीर एकदाच. जमैकात वेळ कमी होता, आयटल जेवणापर्यंत पोचलो नाही, पण सॉरेल प्यालो आणि आईने पहिल्या घोटात ओळखलं, "अंबाडी!" आजोळ अमरावतीचं आहे तिचं. @जुनापडाव काका, केमनला पडावात उतरताना तुमची आठवण काढली.

आणि तिथेच, त्या पडावात, आई मला हळूच म्हणाली, "इथे कुठे साधा चहा मिळेल का गं? चार दिवस डोकं दुखतंय."

चार दिवस! आम्ही सगळे बाबांच्या मागे. या धाग्यात मीच लिहिलंय, आईचं काही नाही.

केमन ब्रिटिशांचं, त्यामुळे किनाऱ्यावरच्या दुकानात कडक ब्रिटिश टी बॅगा मिळाल्या. सीलबंद खोकं परत जहाजावर नेताना कोणी काही म्हणालं नाही. थर्मास पिशवीबरोबर घरीच राहिला होता, म्हणून मग अर्धाकप पद्धत जाड मगवर बशी झाकून केली, दूध कॉफी बारचं वाफवलेलं (पैसे नाही लावले, @रोखठोक). मी आलं शोधायला निघाले. रात्रीच्या वेटरला सांगितलं तर तो वाटीभर चकत्या घेऊन आला. आईने वाटी बाजूला सारली.

"आलं नको. मला कधीच आवडलं नाही, ते यांना लागतं."

मी बाबांकडे बघितलं. ते मेनूकार्ड वाचत होते. उलटं.

खडीसाखर

हसू की रडू. आता आईला फोन लावते.

पोटोबा

मग घरी आल्यावर आता?

शेवंती

दोन पातेली. आल्याचं बाबा स्वतः करतात. उतू घालवतात रोज.

चहाटळ

माझ्या सासूबाईंना विचारलं आत्ताच, तुम्हाला चहा कसा आवडतो. म्हणाल्या, "का? काय झालं?"

@अर्धाकप, मार्चसाठी त्या कागदी पुड्या कुठे मिळतात?